सरकत्या हॅचची दुरुस्ती: आधी पाण्याला वाट, मग रबर

जुन्या फायबरच्या शिडाच्या बोटीवर केबिनच्या दाराशी जो सरकता हॅच, म्हणजे छपरातलं सरकतं झाकण, असतो, त्याच्याबद्दल तक्रारी दोनच: अडकतो आणि गळतो. अडकतो म्हणून कोणी ग्रीस लावतं, गळतो म्हणून कोणी कडेने सिलिकॉन भरतं. ग्रीसमध्ये वाळू आणि मीठ बसतं, सिलिकॉनने निचऱ्याची भोकं बुजतात, आणि पुढच्या पावसाळ्यात दोन्ही तक्रारी वाढून परत येतात. खरं म्हणजे या दोन तक्रारींचं मूळ एकच. पाणी आत शिरतं हे दुय्यम. शिरलेलं पाणी तिथंच थांबतं हे मुख्य. थांबलेल्या पाण्याने लाकडी पट्ट्या फुगतात, स्क्रूच्या भोकांतून ते झाकणाच्या दोन थरांमधल्या गाभ्यात उतरतं, गाभा कुजला की झाकण खाली बसतं आणि मग ते रुळावर घासतं. म्हणून कामाचा क्रम निचरा, गाभा, रूळ आणि शेवटी रबर असा ठेवावा. बहुतेक लोक रबरापासून सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात.

खालची मापं २५ ते ३२ फुटी बोटींच्या हॅचला धरून आहेत: झाकण साधारण ७०० मिमी लांब, ६५० मिमी रुंद, वरचा फायबरचा थर ३ मिमी, मध्ये १० ते १२ मिमी बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लायचा गाभा, खालचा थर २ मिमी. तुमच्या बोटीचं माप वेगळं निघालं तरी प्रमाणं फारशी बदलत नाहीत.

पाणी नेमकं कुठून येतं

अंदाज बांधण्यापेक्षा पाइप लावून बघा. एक माणूस टॉर्च घेऊन आत, एक बाहेर. आतल्या सगळ्या सांध्यांवर खडू घासून ठेवा. पाणी उतरलं की त्या जागी काळपट रेघ दिसते आणि भांडण मिटतं. पाइपला जोर नको, पावसासारखी संथ धार हवी. खालून वर जायचं: आधी दाराच्या खाचेत बसणाऱ्या फळ्या आणि झाकणाची मागची कड, मग दोन्ही रूळ, मग समोरची कड, शेवटी हुड. प्रत्येक ठिकाणी ५ मिनिटं. सुरुवातच वरून केली तर सगळीकडून पाणी येतं आणि काहीच कळत नाही.

समोरच्या कडेला पाणी दिसलं तर दोष बहुधा हुडच्या खालचा असतो. हुड म्हणजे झाकण पुढे सरकून ज्या पेटीत जातं ती. ती छपराला चारही बाजूंनी सीलंटने चिकटवलेली असेल आणि मागच्या दोन कोपऱ्यांत निचऱ्याची वाट नसेल, तर ती पेटी नाही, टाकी आहे.

इथं गोव्याची एक खास अडचण येते. बोट पाण्यात असताना छपराचा उतार मागे असतो, त्यामुळे रुळांतलं पाणी मागे कॉकपिटकडे (उघड्यावर बसायच्या जागेकडे) वाहतं. पावसाळ्यासाठी बोट वर काढली आणि यार्डात लाकडी ठोकळ्यांवर बसवताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) जरा खाली राहिली, की उतार उलटा होतो. नाळ १ अंशाने खाली गेली तरी ७०० मिमी लांबीत १२ मिमीचा फरक पडतो. सगळं पाणी हुडच्या पुढच्या टोकाला साचतं, जिथं कोणत्याच बनवणाऱ्याने भोक ठेवलेलं नसतं. जून ते सप्टेंबर ते तिथं उभं राहतं. म्हणून बोट ठोकळ्यांवर बसली की पहिलं काम पाणसळ घेऊन छपरावर चढायचं. नाळ थोडी उंचच हवी. ‘नदीत कधी गळला नाही, जमिनीवरच गळतो’ असं ज्या हॅचबद्दल सांगितलं जातं, त्यात निम्म्या वेळा दोष हॅचचा नसून ठोकळ्यांचा असतो.

झाकण उतरवणं

आधी फोटो काढा, मग प्रत्येक पट्टीवर मास्किंग टेपने क्रमांक टाका. डावी आणि उजवी पट्टी सारख्या दिसतात, पण जुन्या बोटींत त्या कधीच सारख्या नसतात. बहुतेक बोटींत आधी हुड निघतो, मग रुळाच्या टोकाचे अडसर, मग झाकण पुढे सरकवून उचलता येतं. काही बोटींत हुडचे नट केबिनच्या आतल्या अस्तराखाली असतात. वरून स्क्रू दिसत नाहीत म्हणून हुड नुसताच चिकटवलेला आहे असं समजून ओढू नका.

रंगाने भरलेल्या स्क्रूच्या खाचा टोकदार सुरीने साफ केल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. ॲल्युमिनियमच्या रुळात स्टीलचा स्क्रू असेल तर दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी झालेली असते. अशा स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर गरम सोल्डरिंग आयर्न धरा, तेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. नुसती ताकद लावली तर डोकं तुटतं आणि पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो.

पॉलियुरेथेन सीलंटने धरलेला हुड उचकटायला पटाशी घातली की फायबरचे कपचे निघतात. त्याऐवजी गळाची विणलेली तंगूस किंवा बारीक पोलादी तार दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधून करवतीसारखी पुढेमागे ओढावी. जसजसं सुटेल तसतशा लाकडी पाचरा सरकवाव्यात. घाई केली तर फायबर जातो, हे लक्षात ठेवलं की हात आपोआप हळू चालतो. हॅचच्या तोंडाखाली जुनी चादर ताणून बांधा, म्हणजे पडलेला स्क्रू बोटीच्या तळात जाणार नाही.

झाकण खाली आलं की वजन करा. या मापाचं कोरडं झाकण ८ ते १० किलोच्या आसपास भरावं. १४-१५ भरलं तर आत पाणी आहे, बाकी तपासण्या नंतर.

गाभा

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने झाकण सगळीकडे ठोका. टणक आवाज येतो तिथं ठीक, बोदा आवाज येतो तिथं थर सुटलेला आहे. पेन्सिलीने सीमा आखा. बोदा भाग जवळजवळ नेहमीच मूठ, कडी-कोयंडा किंवा काचेच्या चौकटीभोवती असतो, कारण बनवणाऱ्याने गाभ्यातून सरळ भोक पाडून स्क्रू पिळलेला असतो. खात्रीसाठी खालच्या बाजूने ५ मिमीचं भोक पाडून भुसा बघा. कोरडा आणि फिका असेल तर बरं. काळा, चिकट, आंबूस वास येणारा असेल तर तो गाभा वाळवून उपयोग नाही, काढावाच लागतो.

खालचा थर कापायचा, वरचा नाही. वर पाय घसरू नये म्हणून नक्षी असते, ती पुन्हा जुळवणं महाकठीण. कडेपासून ३० मिमी आत रेघ आखा आणि छोट्या ग्राइंडरने फक्त २ मिमी खोल कापा. फायबरची धूळ अंगाला खाजते एवढंच नाही, ती फुप्फुसात जाते. चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यातच. थर उचलला की कुजलेला गाभा पटाशीने खरवडून काढा. वरच्या थराची आतली बाजू आधी ॲसिटोनने पुसा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. क्रम उलटा केला तर जो तेलकटपणा पुसायचा तोच घासून आत बसतो.

मग वाळवणं. ऑक्टोबरातल्या उन्हातसुद्धा दोन दिवस पुरत नाहीत. दिवसा उन्हात, रात्री घरात पंख्याखाली, आणि दर दोन दिवसांनी वजन. सलग तीन वेळा वजन तेच आलं की झाकण कोरडं. ओलावा मोजायचं महागडं यंत्र नसलं तरी तराजूने हे काम अचूक होतं.

नव्या गाभ्यासाठी घनमीटरमागे ८० किलो घनतेचा पीव्हीसी फोम उत्तम: हलका, न कुजणारा. पण जिथं मूठ, कोयंडा आणि सरकपट्ट्यांचे बोल्ट येणार तिथं फोम चालत नाही, तो दाबला जातो. त्या जागी मरीन प्लायचे ठोकळे बसवा. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ हा घरगुती फर्निचरचा, दुकानदार काहीही म्हणो. ठोकळ्यांच्या कडांना पातळ इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून पक्कं होणाऱ्या रेझिनचे) दोन हात द्यायचे.

एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी चुकते. झाकण सपाट नसतं, त्याला रुंदीत हलकासा बाक असतो. ते उलटं करून सपाट फरशीवर ठेवलं, नवा गाभा घालून वर वजनं ठेवली, की बाक मोडतो आणि झाकण त्या सपाट आकारातच पक्कं होतं. मग ते रुळात जातच नाही. त्यामुळे काम सुरू करण्याआधी मधोमध रुंदीतला बाक मोजा, तेवढ्याच बाकाच्या तीन लाकडी कमानी कापा आणि झाकण त्यांच्यावर उलटं बसवा. फोमला एका बाजूने २५ मिमीच्या अंतराने चिरा देऊन तो वाकवा. चिरांतही इपॉक्सी भरलं पाहिजे, नाहीतर त्याच चिरा पुढे पाण्याचे पाट होतात.

इपॉक्सी आधी दोन्ही पृष्ठभागांना नुसतं पातळ लावायचं, मग त्याच मिश्रणात कोलायडल सिलिका घालून श्रीखंडाइतकं घट्ट करून पसरायचं. गाभा दाबला की कडेने मिश्रण वर आलं पाहिजे. आलं नाही तर खाली पोकळी आहे. वर प्लास्टिक आणि वाळूच्या पिशव्या. इथं सहज मिळणारं एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर हे वजनाने १०० ला १० असं मिसळायचं असतं, अंदाजाने नाही. छोटा डिजिटल काटा वापरा. एका वेळी १५० ग्रॅमपेक्षा जास्त बनवू नका आणि बनवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओता. ३२ अंशांच्या दुपारी खोल भांड्यात ठेवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरकटतं.

वर चौरस मीटरमागे ३०० ते ४०० ग्रॅमच्या विणलेल्या काचतंतूच्या कापडाचे तीन थर. कापलेल्या कडेला आधी १२ ला १ असा उतार द्या, म्हणजे २ मिमी जाडीला २४ मिमी रुंद; त्यासाठीच ती ३० मिमीची कड राखली होती. ट्रॉलरच्या कामाला वापरतात ती चॉप्ड मॅट इपॉक्सीबरोबर घेऊ नका. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो; इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही, पांढरी राहते.

पॉलिस्टरमध्येच काम करायचं असेल तर स्वस्त पडेल, पण जुन्या थरावर त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते. आणि सावधान: दुकानात कोबाल्टची बाटली आणि कॅटलिस्टची बाटली वेगवेगळी मिळते. ही दोन थेट एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतरच १ ते २ टक्के कॅटलिस्ट. बाटल्यासुद्धा एका पिशवीत ठेवू नयेत.

मूठ किंवा कोयंड्याच्या प्रत्येक भोकाला एकच नियम. ५ मिमीचा बोल्ट असेल तर १२ मिमीचं भोक पाडा, त्यात घट्ट इपॉक्सी भरा, पक्कं झाल्यावर मधोमध ५ मिमीचं भोक पाडा. म्हणजे पुढेमागे सीलंट गेलं तरी पाण्याला गाभा दिसतच नाही. या भरावात सिलिका हवी, हलकी मायक्रोबलून पावडर नको. ती रंगाआधीच्या लांबीला ठीक, बोल्टखाली दबते.

रूळ आणि सरकपट्ट्या

जुन्या सागवानी पट्ट्या दिसायला सुरेख. सागवान कमी फुगतं, पण फुगतं, आणि रेषांच्या आडव्या दिशेनेच फुगतं, म्हणजे नेमकं जिथं १ मिमी जागा सोडलेली असते तिथं. पितळी पट्टी ठोकली तर चालते, पण तिचे खिळे वर येतात आणि झाकणाला ओरखडे काढतात. आज पट्ट्या बदलायच्या असतील तर यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन घ्यावं. ते पाणी पीत नाही, मेणासारखं सरकतं आणि सुताराच्या हत्यारांनी कापता येतं; रंधासुद्धा चालतो. नायलॉन मात्र घेऊ नका. ‘प्लास्टिकच आहे’ म्हणून तेच गळ्यात मारलं जातं, पण नायलॉन पाणी शोषून फुगतं आणि पावसाळ्यात झाकण सागवानापेक्षा वाईट अडकतं. टेफ्लॉन मऊ असतं, वजनाखाली हळूहळू चेपतं. डेलरिन चांगलं, कडक, महाग. घ्यायचंच तर काळं घ्या, ऊन सोसतं.

यूएचएमडब्ल्यूचा एकच स्वभावदोष: उष्णतेने ते भयंकर वाढतं. मीटरमागे दर अंशाला ०.१५ ते ०.२ मिमी. हॅचचा रूळ झाकणाच्या जवळजवळ दुप्पट लांब, म्हणजे १.३ मीटर. पहाटेचे २२ अंश आणि दुपारी उन्हात तापलेल्या छपराचे ५५ धरले तर पट्टी साधारण साडेसहा ते साडेआठ मिमी वाढते. दोन्ही टोकांना पक्के स्क्रू मारले तर वाढलेली पट्टी मध्ये उचलली जाते आणि भर दुपारी झाकण अडकतं, संध्याकाळी आपोआप सुटतं. या लक्षणाचा उलगडा न झाल्याने लोक झाकण तासत बसतात.

उपाय दोन. एकसंध पट्टी ठेवायची असेल तर मधला एकच स्क्रू गोल भोकात, बाकीचे ५ बाय १२ मिमीच्या लांबट खाचेत, आणि टोकांना प्रत्येकी ५ मिमी मोकळी जागा. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे पट्टीचे तीन तुकडे करणं, प्रत्येकी सव्वाचारशे मिमीचे, मध्ये ६ मिमीची फट ठेवून. वाढ तिघांत वाटली जाते, आणि त्या फटींतून रुळामागचं पाणी बाहेर पडतं. मूळ बोटीत पट्टीच्या मागे अडकलेल्या पाण्याला वाटच नसते. या फटी म्हणजे फुकटची गटारं. तुकड्यांच्या टोकांना २ मिमीचा तिरका छाट द्या, नाहीतर झाकण प्रत्येक फटीवर ठेचकाळेल. लांबट खाचा तुकड्यांनाही ठेवायच्याच, मधला स्क्रू तेवढा गोल भोकात.

पट्टी १० मिमी जाड घ्या. स्क्रू १५० मिमीच्या अंतरावर, एम५ (५ मिमी जाडीचे), चपट्या डोक्याचे, वॉशरसह, पट्टीत ५ मिमी खोल गेलेले. शंकूच्या आकाराचं डोकं इथं नको, ते पट्टीला खाचेत सरकू देत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए४ असा ठसा असेल तर तो ३१६ प्रतीचा; ए२ म्हणजे ३०४, तो इथल्या खाऱ्या हवेत वर्षा-दोन वर्षांत तांबूस होतो. नुसत्या ‘एसएस’वर विश्वास ठेवू नका, त्या नावाखाली २०२ प्रतीचाही माल येतो. लोहचुंबकाने ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत.

यूएचएमडब्ल्यूला कोणताही गोंद धरत नाही, सीलंटही नाही. म्हणून पट्टीखाली लांबभर सीलंट पसरण्यात अर्थ नाही. छपरातल्या प्रत्येक भोकाच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने किंचित उतार द्या आणि स्क्रूभोवती ब्युटाइल टेपचं (मऊ, चिकट रबरी पट्टीचं) कडं करून बसवा. स्क्रू आवळला की ब्युटाइल त्या उतारात दाबलं जाऊन रिंग तयार होते. एकदम आवळू नका. थोडं आवळा, तासभर थांबा, पुन्हा. ब्युटाइल हळूहळू सरकतं.

आता बैठक. जुन्या बोटीचं छप्पर हॅचभोवती बसलेलं असतं, कारण सगळे तिथंच पाय देऊन उतरतात. दोरी ताणून बघा, मध्ये ३-४ मिमी खड्डा निघेलच. पत्र्याचे तुकडे घालून समतल करण्यापेक्षा बैठकच ओतून घ्यावी: पट्ट्यांच्या खालच्या बाजूला खाकी पॅकिंग टेप, छपरावर घट्ट इपॉक्सीची ओळ, त्यावर पट्ट्या ठेवून वर सरळ ॲल्युमिनियमचा चौकोनी नळ, आणि हलक्या क्लॅम्पने धरून एक रात्र. सकाळी पट्टी उचलली की खाली तंतोतंत बैठक तयार. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एका पातळीत आहेत का हे आडव्या पट्टीने आणि पाणसळीने त्याच वेळी बघायचं. रुळांमधलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे मोजा. तिन्हींत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. दोन्ही कर्णही मोजा. कर्णांत फरक असेल तर झाकण तिरकं होऊन कोपऱ्यावर अडकतं, आणि ते झाकण खराब झाल्यासारखं वाटतं.

मोकळी जागा वर-खाली १.५ मिमी, बाजूंना प्रत्येकी २ मिमी. फीलर गेज नसेल तर जुनी एटीएम कार्डं घ्या: एक कार्ड ०.७६ मिमी, दोन कार्डं म्हणजे बरोबर दीड. दोन कार्डं संपूर्ण लांबीत सहज फिरली पाहिजेत, तीन अडली पाहिजेत. याहून घट्ट बसवण्याचा मोह होतो, खडखड नको म्हणून. घट्ट बसवलेला हॅच फक्त जानेवारीत छान चालतो.

वंगण म्हणून मेणबत्ती घासा, पुरते. सिलिकॉनचा स्प्रे उडून आजूबाजूला बसतो आणि पुढच्या वेळी तिथं रंग धरत नाही. आणि समुद्रावरून आल्यावर रुळांवर गोडं पाणी ओता. मिठाचे स्फटिक हा या पट्ट्यांचा खरा पॉलिश पेपर.

उंबरठा, हुड आणि रबर

हॅचच्या तोंडाला समोरून ३० मिमी उंचीचा उंबरठा हवा आणि झाकणाच्या पुढच्या कडेला त्याच्यापुढे उतरणारी २० मिमीची ओठी. दोघांमध्ये ६ ते ८ मिमी अंतर ठेवा. हे उलटं वाटतं, पण १ मिमीची फट पाणी ओढून वर चढवते. ६ मिमीच्या फटीत ती ओढ राहत नाही. याच कारणाने झाकणाच्या मागच्या कडेखाली ५ मिमी रुंद, ३ मिमी खोल अशी खाच कोरावी, म्हणजे कडेवरून आत वळणारा थेंब तिथंच सुटून खाली पडतो. जुन्या बोटीत उंबरठा १०-१२ मिमीचाच असतो. सागवानी पट्टी इपॉक्सीत बसवून वर फायबरचा एक थर दिला की उंची वाढते.

हुड बसवताना पुढची आणि दोन्ही बाजूंची कड सीलंटने बंद, मागची बाजू मोकळी, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत ४० बाय १० मिमीच्या खाचा. गोल भोकं नकोत. गोव्यात कुंभारमाशी असं एक भोक दोन दिवसांत मातीने लिंपते, आणि जाळी लावली तर जाळीलाच लिंपते. लांबट खाचेतून वाकडी तार घालून महिन्यातून एकदा साफ करणं सोपं. बोट पावसाळ्यात जमिनीवर राहणार असेल तर हुडच्या पुढच्या टोकालाही एका बाजूला खाच ठेवा आणि पाण्यात उतरवताना रबरी बुचाने बंद करा.

रबर फक्त दोन जागी: समोरच्या उंबरठ्यावर आणि मागे फळीच्या माथ्यावर. बाजूंना रबर लावलं की झाकण ओढावं लागतं आणि रबर गुंडाळलं जातं. ईपीडीएमचं डी आकाराचं, १० ते १२ मिमी उंचीचं रबर घ्या. झाकण बंद झाल्यावर ते पाव भाग दाबलं जावं. खिडक्यांना लावायची स्पंजाची पट्टी पाणी धरून ठेवते. ईपीडीएमला तेल-ग्रीस लागू देऊ नका, फुगतं.

झाकणात काच बसवायची असेल तर १० मिमी ॲक्रिलिक, भोकं स्क्रूपेक्षा २ मिमी मोठी, आणि पॉलियुरेथेन सीलंट टाळून ब्युटाइल किंवा ॲक्रिलिकला चालणारं सिलिकॉन. थिनरने पुसलंत तर बारीक चिरांची जाळी पडते.

कधी करावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जुलैत २७ अंश तापमान आणि ८८ टक्के दमट हवा असेल तर दवबिंदू २५ च्या जवळ असतो, आणि इपॉक्सीला पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. तेवढी फट नसली की वर चिकट, मेणकट साय येते. ती आलीच तर साधं पाणी आणि हिरव्या घासणीने धुवून मगच घासा. आधी घासलं तर पॉलिश पेपर भरतो आणि साय आत दाबली जाते. हिवाळ्यातही दव पडतं, म्हणून दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग दुपारी दोनच्या आत संपवा, नाहीतर सकाळी चमक गेलेली दिसते. रंग पांढरा किंवा फिका. घरच्या तापमानाला पक्कं झालेलं इपॉक्सी ५०-६० अंशांपुढे नरम पडू लागतं आणि गडद निळं झाकण मार्चच्या उन्हात ते तापमान सहज ओलांडतं.

कारागीर हवा असेल तर ही वेळ आणखी एका कारणाने बरी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, ट्रॉलरची दुरुस्ती त्या दिवसांत निघते, आणि मालीम, कुटबण, शापोऱ्याच्या जेटींवर फायबरचा हात असलेला माणूस तेव्हा मोकळा सापडणं कठीण. हाताची कमतरता गोव्यात नाही. नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या बोटी दिवाडी बेटावरच बांधल्या गेल्या. फक्त ट्रॉलरवाल्याला ‘हलकं ठेव’ हे दोनदा सांगावं लागतं, नाहीतर १० किलोचं झाकण २० किलोचं होऊन येतं.

सरकू लागल्यावर

नव्या पट्ट्यांवर झाकण इतकं सहज पळतं की बोट कलली की स्वतःच धावतं आणि बोटं चेमटतात. दोन्ही टोकांना रबरी बफर लावा, आणि उघडं, अर्धं उघडं व बंद अशा तीन जागी अडकेल असा खिट्टीचा बोल्ट आतून बसवा. बाहेरच्या कोयंड्याला कुलूप लावायची सवय असेल तर एक पक्कं बघा: आत माणूस असताना कोणी बाहेरून अडकवलं तर त्याला आतून उघडता आलं पाहिजे. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ऑफशोअर (खुल्या समुद्रातल्या) नियमांत हॅचची कडी आतून आणि बाहेरून, बोट उलटी झालेली असतानाही, चालली पाहिजे अशी अट आहे, आणि दारातल्या फळ्या दोरीने बोटीला बांधलेल्या हव्यात. ४ मिमीची दोरी प्रत्येक फळीला, फळी खाचेतून पूर्ण बाहेर काढून बाजूला ठेवता येईल एवढी लांब. दुसरं टोक केबिनच्या आतल्या कडीला.